बापूंचा कान आणि न फिरणारी डिस्क

दुकानात भंगार साठतं, तसे किस्सेही साठतात. भंगारवाला निदान महिन्या-दोन महिन्यांनी येऊन पोतं भरून नेतो. किस्से न्यायला कोणी येत नाही, म्हणून ते असे सांगून टाकावे लागतात!

राजारामपुरीत आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. आमचं म्हणजे बापूंचं आणि माझं. बापू आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटर उघडायला लागले. हार्ड डिस्क आली की ती चालू करायची, कानाला घट्ट दाबून धरायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "मोटर हाय, डोकं गेलंय." "हिला आठ दिस हाईत." निकाल चुकायचा नाही. सांगलीहून लोक केवळ त्या कानासाठी यायचे. दुकानात बोलणं सगळं ओरडून, पण कोल्हापुरात त्याचं कोणाला काय!

*

दोन हजार नऊच्या सुमारास पहिली एसएसडी, म्हणजे नव्या जातीची हार्ड डिस्क, आली. आत चकती नाही, मोटर नाही, सगळा कारभार चिपवर. पण हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. बापूंनी कानाला लावली. बराच वेळ लावली.

"मेलीया," बापू म्हणाले.

पुण्याच्या व्यापाऱ्याकडे परत पाठवली. दुसरी आली. तीही मेलेली! तिसरीच्या वेळी पुण्याचा व्यापारी फोनवर माझ्यावर खेकसला, "अहो, त्यात फिरणारं काही नसतंच!"

मी ते बापूंना सांगितलं.

"फिरत न्हाय, तर चालतीया कशावर?"

मी फोन ठेवून चहा सांगितला.

*

कागलच्या एमआयडीसीतले एक फाउंड्रीवाले आले. हयात ओतकामात गेलेली, त्यामुळं विश्वास फक्त वजनावर. मी एसएसडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा वरखाली करून पाहिली.

"पावणं, डबा रिकामा हाय की!"

मी समजावून दमलो. शेवटी ते जुन्या पद्धतीची जड डिस्कच घेऊन गेले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमास्नी कुनीतरी फसवलंय. पोलिसात जावा."

*

विंडोज टाकायला बसलो की खरा गोंधळ. सीडी फिरायची, निळा पडदा यायचा आणि त्यावर मजकूर, हार्ड डिस्क सापडली नाही! अरे, डोळ्यांसमोर आहे आणि सापडत कशी नाही?

मी बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून डिस्कचा मोड बदलला. त्याच वेळी बापूंनी मागच्या बाजूनं केबल बदलली. सापडली! आता कशामुळं सापडली? मी म्हणालो मोड, बापू म्हणाले केबल. जोरात वाजलं आमचं. मग खात्री करायला दोन्ही पहिल्यासारखं केलं.

तरीही सापडली!

त्या दिवशी आम्ही दुकान लवकर बंद केलं.

*

एका गिऱ्हाइकाच्या घरची रीत अशी, की नवी वस्तू आधी नृसिंहवाडीला न्यायची, मग वापरायची. एसएसडीही वाडीला जाऊन आली. आम्ही बसवली, तर कॉम्प्युटर तिला ओळखच देईना. तासभर डोकं खाजवलं. मग उलटी करून पाहिली, तर जोडणीच्या सोनेरी दातांवर हळदीकुंकू! बापूंनी खोडरबर घेऊन दात घासले आणि इन्स्टॉलेशन सुरू झालं.

"बघा! गुरुदेव दत्त!" गिऱ्हाईक हात जोडून म्हणालं.

"आनि खोडरबर," बापू म्हणाले.

*

कोडोलीचे कांबळे सर, निवृत्त मास्तर. त्यांच्या आईनं जात्यावर म्हटलेली बाबासाहेबांची गाणी त्यांनी टेप करून ठेवली होती. आई गेली. कॅसेटींना बुरशी लागली. आवाज उरला तो फक्त कॉम्प्युटरच्या जुन्या डिस्कवर, आणि कॉम्प्युटर काही केल्या सुरू होईना. नव्या एसएसडीवर विंडोज टाकायचं, जुन्या डिस्कला धक्का लावायचा नाही, असं ठरलं.

दोन्ही जोडल्या. पडद्यावर दोन ओळी आल्या. दोन्ही ऐंशी जीबीच्या! यातली एक पुसायची होती. कुठली? सर खुर्चीवरून उठून उभेच राहिले.

"थांब मर्दा!" बापूंनी मशीन बंद केलं, जुनी डिस्क सोडवली आणि सरांच्या हातात दिली. "सर, आईला घिऊन बसा."

सर बसले, दोन्ही हातांनी तिला धरून. आता पडद्यावर एकच ओळ होती. मी एंटर दाबलं.

विंडोज आलं. जुनी डिस्क परत जोडली. बापूंनी तिला कान दाबून धरला, डोळे मिटले.

"फिरतीया! थरथर लागतीया कानाला!"

मी फाइल उघडली, स्पीकर पूर्ण मोठा केला. म्हातारीचा खणखणीत आवाज दुकानभर झाला. शेजारच्या टेलरनं मशीन थांबवलं. सरांनी चष्मा काढला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

एक गाणं संपून दुसरं सुरू झालं, तेव्हा बापूंनी डिस्कवरचा कान काढून डोळे उघडले. आमची तोंडं पाहून ते गोंधळलेच.

"रडतायसा कशाला? चांगली हाय की डिस्क! आता स्पीकर लाव मर्दा, सरांच्या आईचा आवाज ऐकूया!"