शर्टाचा नंबर

ती केस कागदोपत्री लहान होती, पण अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. तेहतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले; त्यांतले निम्मे आरोपी आता आठवतही नाहीत. हा बाप मात्र आठवतो, आणि आठवला की माझ्या पोटात दुखतं. आडपडदा न ठेवता सांगतो, मला त्याचा हेवा वाटतो.

निवृत्तीला तेव्हा तीन वर्षं उरली होती. छत्रपती संभाजीनगरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून डाक बघत बसलो होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला. "साहेब, एक जण पोराला घेऊन आलाय. म्हणतो, मोठ्या साहेबांनाच भेटायचंय."

माणूस पन्नाशीचा होता. बिडकीन, पाचोड, गंगापूर अशा आठवडी बाजारांत तयार शर्ट विकायचा. सोबत सोळा वर्षांचा मुलगा, शहरात मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा क्लास करणारा. बापानं खिशातून रुमालाची घडी काढली आणि माझ्या टेबलावर उलगडली. आत पेनाएवढी एक काळी नळी होती.

"व्हेप म्हणतात ह्याला, साहेब. आत गांजाचं तेल हाय. ह्याच्या कंपासपेटीत सापडलं."

"पोराला माहीत आहे, इथं कशाला आणलंय ते?"

"व्हय. सांगूनच आणलं, फसवून नाय. इकणाऱ्याला धरा साहेब. पण ह्याच्यावर केस नका करू. आमच्या खानदानात शिकणारा हा पयलाच हाय."

ठाण्यात बाप येतात ते पोराला सोडवायला. स्वतःहून पोराला घेऊन आलेला बाप मी पहिल्यांदाच बघत होतो. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या अशा किरकोळ प्रकरणात गुन्हा दाखल होत नाही. स्टेशन डायरीत नोंद होते, बाल न्याय मंडळाला कळवलं जातं आणि विचारपूस पालकांसमोर, साध्या कपड्यांत करायची असते. हे मी त्याला समजावलं. त्याला अर्धं पटलं. मुलाला काहीच पटलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, की आपलं डॉक्टर होणं आज या खोलीत संपणार. आणि तो बोलला नाही, तर आमच्या हाती ती नळी सोडून काहीच नव्हतं.

मी गणवेशाचा शर्ट बदलून समोर बसलो. कोणी दिलं? कुठं दिलं? सोबत कोण होतं? प्रत्येक प्रश्नाला मुलगा फरशीकडे बघायचा. मग मी आमचा जुना डाव टाकला. "तुझ्या मित्रानं सगळं सांगितलंय, आता तू लपवून काय उपयोग?" त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. पोर हुशार होतं, थाप ओळखली. दोन तास असेच गेले. चहा आला तो निवून गेला.

दुपारी बाप म्हणाला, "साहेब, इजाजत असंल तर ह्याला दोन घास खाऊ घालतो." मी मान हलवली. त्यानं पिशवीतून डबा काढला, खिचडी कालवली आणि झाकणात मुलापुढे ठेवली. मुलगा खायला वाकला. बाप त्याच्या मानेकडे बघत राहिला. मग त्यानं दोन बोटं मुलाच्या कॉलरमध्ये घातली. बोटांच्या मागे बरीच जागा उरली होती.

"कॉलर ढीली हो गई रे तेरी," तो घरच्या दखनी बोलीत हळूच म्हणाला. "अडतीस था, छत्तीस हो गया. बाजार में गिऱ्हाईक को दूर से देखके नंबर बोलता मैं. घर में नजर चूक गई मेरी." थोडं थांबून त्यानं विचारलं, "नींद आती क्या तेरेकू?"

मुलाचा घास हातातच राहिला. मग तो रडायला लागला आणि रडता रडता बोलत सुटला. क्लासमध्ये दर आठवड्याला परीक्षा व्हायची आणि गुणांची यादी दारावर लागायची. हा नेहमी शेवटच्या पाचांत. झोप उडाली, जेवण तुटलं. बॅचमधल्या एकानं सांगितलं, हे ओढलं की डोकं शांत होतं. विकणारा माणूस क्लाससमोरच मोबाइलच्या कव्हरांचा गाडा लावायचा आणि तेलाच्या नळ्या कव्हरांच्या खोक्यांत ठेवायचा. अमुक रंगाचं कव्हर मागितलं की तो ओळखायचा.

पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं. मी दोन तास घासत होतो. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता, केस फुटली होती. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बापाला फटकन म्हणालो, "असले लाड करता म्हणून पोरं बिघडतात." त्यानं डबा पुसून पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी गुन्हे शोध पथकानं बनावट गिऱ्हाईक पाठवलं, दोन पंच घेतले आणि गाड्यावर छापा घातला. माल जप्त झाला, सील लागलं, विकणारा आत गेला. त्याच्या फोनमधून आणखी चार मुलं निघाली. त्यांच्या पालकांना बोलावलं. एकानं पोराला ठाण्याच्या व्हरांड्यातच थोबाडीत दिली. एक आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, "आमचा तसला नाहीच, ह्याला कुणीतरी अडकवलंय." एकानं आत येण्याआधीच कुठल्यातरी पुढाऱ्याला फोन लावला होता. चौथ्या मुलाचा बाप आलाच नाही, त्यानं वकील पाठवला. या चौघांवर मी मनात हसलो असतो, पण मला तोंड नव्हतं.

कारण माझा स्वतःचा मुलगा अकरावीत असताना मला त्याच्या दप्तरात सिगारेटचं पाकीट सापडलं होतं. मी काय केलं? त्याला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि त्याचा जबाब घेतला. कोऱ्या कागदावर, माझ्या अक्षरात. कोणाकडून घेतलं, किती दिवसांपासून, सोबत कोण. बायकोला पंच म्हणून उभं केलं. शेवटी लिहिलं, 'वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे,' आणि खाली त्याची सही घेतली. तेव्हा मला वाटलं, धाक बसला, काम झालं. काम खरंच झालं होतं. त्यानंतर त्यानं मला कधीच काही सांगितलं नाही. आता तो पुण्यात नोकरी करतो. फोन करतो तो आईला.

त्या शर्टवाल्याची एक सही राहिली होती, म्हणून मी त्याला पुन्हा बोलावलं. काम दोन मिनिटांचं होतं, पण मी त्याला तासभर बाकावर बसवून ठेवलं. का, ते मला तेव्हाही माहीत होतं. केबिनच्या काचेतून तो दिसत होता. सोबत मुलगाही होता. थोड्या वेळानं मुलानं बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तो गाढ झोपला. इतके दिवस न आलेली झोप त्याला पोलीस ठाण्याच्या बाकावर लागली. बाप जागचा हलला नाही. खांदा अवघडला असेल, तरी नाही. त्याला ताटकळत ठेवायला घेतलेला तो तास उलट मी त्याला भेटच दिल्यासारखं झालं, आणि मी काचेमागे जळत उभा राहिलो.

त्या दिवशी घरी येऊन कपाटातला तो जुना जबाब काढला. सगळे प्रश्न 'कोण, कुठे, किती' असे होते. मुलाला काय होतंय, हे विचारणारी एकही ओळ माझ्या अक्षरात नव्हती. हे त्या केसनं मला शिकवलं. उशिरा शिकवलं, आणि शिकलो म्हणून लगेच जमलं असंही नाही. तो कागद मी परत तिथेच ठेवला.

गेल्या महिन्यात मी मुलाला फोन लावला. "आई आंघोळीला गेलीये का?" त्यानं पहिल्यांदा हेच विचारलं.

"नाही, भाजी निवडतेय. तुलाच केला. झोप लागते का रे तुला?"

पलीकडे त्यानं टीव्ही बंद केला. मग तो म्हणाला, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही."

"मग कसं कळलं?"

मला काहीच कळलं नव्हतं. दीड वर्षात मी त्याला पाहिलंही नव्हतं. मी विचारलं, "तुझ्या शर्टाचा नंबर काय?"

"काय बाबा हे. अडतीस."

"अडतीस?" मी मोठ्यानं म्हणालो. भाजी निवडणारा बायकोचा हात थांबला. ती म्हणाली, "दिवाळीला मी चाळीसचा पाठवला होता."

मी फोन तसाच कानाला धरून ठेवला. तो शर्टवाला इथं असता, तर त्याला पुढचं वाक्य सापडलं असतं. मला इतकंच बोलता आलं, "सकाळच्या एसटीनं येतो. आई डबा देईल."

त्यानं गाडीची वेळ विचारून घेतली. मग म्हणाला, "कागद-पेन आणू नका."