भवानीपूरच्या गच्चीवरचे वाटाणे

तार खात्यातल्या श्यामराव दाबक्यांच्या कलकत्त्यातल्या भवानीपूरच्या बिऱ्हाडात औषधांच्या रिकाम्या बाटल्या कधी टाकल्या जात नसत. त्यांच्या पत्नी कालिंदीबाई त्या उकळून, उन्हात वाळवून त्यात वाटाणे भरायच्या. खायचे नव्हेत, बियाण्याचे.

हे वेड एकावन्न सालच्या हिवाळ्यात लागलं. बराकपूरकडून भाजी घेऊन येणाऱ्या शैलबालाकडे त्यांनी नेहमीचा बारीक, ठिपक्यांचा वाटाणा मागितला. तिनं टपोऱ्या शेंगा पुढं केल्या.

"तो आता कोणी पेरत नाही, दीदी. दुकानाचं बी जास्त पिकतं. जुनं बी संपलं."

कालिंदीबाईंना चैन पडेना. घरी येऊन त्यांनी सगळे डबे पालथे घातले, तेव्हा त्याच वाटाण्याचे गेल्या साली सुकवलेले मूठभर दाणे हाती लागले. गच्चीवर कुंड्यांत पेरले, त्यातले नऊच उगवले. पण त्या नऊ वेलांनी त्यांना झपाटलं. मग त्या रविवारी गाडीनं कधी बजबजला, कधी बराकपूरला जायच्या आणि तोडक्यामोडक्या बंगालीत म्हाताऱ्या बायकांकडे जुनं बी मागायच्या.

दुसऱ्याच वर्षी बजबजच्या वाटाण्याचं किड्यांनी पीठ केलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पुढं प्रत्येक बाटलीत राख आणि कडुलिंबाचा पाला आला. ठेवलेलं बी उगवायचं विसरतं, म्हणून दर कार्तिकात प्रत्येक जातीचे थोडे दाणे पेरायचे, हेही ठरलं.

"अगं, कपडे वाळत घालायला तरी जागा ठेव," श्यामराव म्हणायचे.

"अहो, तुमचं धोतर वाळतंय ना? मग झालं!"

छप्पनच्या पावसाळ्यात शैलबालाच्या गावात पाणी शिरलं. दुर्गापूजेनंतर ती आली ती रिकाम्या हातानं. घरातलं सगळं बी कुजलं होतं. कालिंदीबाईंनी अकरा बाटल्या ओळीनं मांडल्या आणि प्रत्येकीतला निम्मा वाटा वेगळ्या पुडीत बांधला. ठिपक्यांच्या वाटाण्याला आदल्या हिवाळ्यात पोपटांनी झोडपलं होतं; त्याचे चाळीसच दाणे उरले होते. त्यांनी वीस मोजून दिले.

"एवढं नुकसान झालंय तिचं. सगळेच दे की," श्यामराव हळूच म्हणाले.

"नाही. तिचे बुडाले तर माझे असतील, माझे किडले तर तिचे."

माघात त्या स्वतः बघायला गेल्या. तळ्याकाठच्या वाफ्यात बांबूच्या काटक्यांवर वेल चढले होते, जांभळ्या फुलांनी भरलेले. वीसपैकी सोळा उगवले होते. शैलबालानं पहिल्या शेंगा खुडायला हात पुढं केला, तसा कालिंदीबाईंनी तिचा हात धरला.

"या वर्षी एकही खायची नाही. सगळ्या वाळू देत."

शैलबालाची सासू खुदकन हसली. "ही तर आमच्याहून शेतकरी!"

फाल्गुनात त्या सोळा वेलांचं ओंजळभर बी निघालं. त्यानंतर तीन हिवाळ्यांत ते गावातल्या सात घरी पोचलं. कालिंदीबाईंनी मात्र आपली बाटली रिकामी केली नाही. साठच्या कार्तिकातही त्या गच्चीवर उकिडव्या बसून कुंड्यांत बोटानं भोकं पाडत होत्या.