झऱ्याची सून

चुलीवरचं भांडं कितीही घासा, बुडाची काजळी काही सुटत नाही. कॅम्पातले किस्से तसेच. एक सांगून मोकळं व्हावं, तर मागून दुसरा तोंड वर काढतो! पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. कोयनेच्या वरच्या रानात सांगलीचे प्रोफेसर साहेब पाखरं शोधायला तंबू ठोकून बसले होते. मी स्वयंपाकाला, चौथी पास. बंदूक आणि ओझी सांभाळायला उंब्रजचे पेन्शनर हवालदार.

*

दहा दिवस चिखलात सरपटून साहेब एकदा नाचतच आले. "आक्का, नवा पक्षी! निळी पाठ, तांबूस पोट. जगात कुणाला माहीत नाही!"

"जगाला नसंल," मी म्हणाले. "आमी हिरडा येचायला जातो तवापास्नं बघतोय. झऱ्याची सून म्हंतो तिला."

"सून का?"

"मान खाली घालून झऱ्याकडंनं पळती. माणूस दिसलं की झुडपाआड."

हवालदार मिशीत हसले. "मग सासू कोण, आक्का?"

"बंदूक कुणाच्या खांद्यावर हाय?"

*

पाखरं धरायला झऱ्यावर बारीक जाळं लावायचे. जाळ्यात सापडलं ते वहीत लिहायचंच, हा साहेबांचा नियम. एका पहाटे धुक्यात हवालदारच गुंतले, पार मिशीसकट! चीनच्या सरहद्दीवर पहारा दिलेला गडी "आक्का, कात्री आण!" म्हणून ओरडतोय. जाळं लय महागाचं, कात्री कसली! अर्धा तास एकेक केस सोडवला.

साहेबांनी शांतपणे वही उघडली आणि लिहिलं, 'हवालदार. नर. पूर्ण वाढलेला.'

*

पुढच्या वर्षी टेपरेकॉर्डर आला. साहेब म्हणाले, "आवाज टेप करायचाय, आक्का. भाकऱ्या थापू नका. थपथप ऐकली की ती झुडपाबाहेर येत नाही."

"मग खानार काय? धुकं?"

मी थापल्याच. साहेबांनी लांब जाऊन टेप केलं आणि मुंबईच्या मोठ्या पक्षीवाल्यांना धाडलं. उत्तर आलं, "आवाज उत्तम. मागे खोड ठोकणारा सुतारपक्षी कोणता, तेही कळवा!"

*

त्याच पत्रात खाली एक ओळ होती. नवं नाव मान्य व्हायचं, तर एक पक्षी मारून, कापूस भरून पाठवा.

साहेबांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "हवालदार, उद्या सकाळी."

मी उठलेच. "नवी सून दारात आली की भाकरतुकडा ओवाळत्यात. तुमी गोळी घालनार?"

"नियम आहे, आक्का. दोन वर्षांची मेहनत आहे माझी."

"मेहनत तुमची, जीव तिचा."

पहाटे मी झऱ्याच्या काठावर तीन दगड मांडले, चूल पेटवली आणि काठवटीत थापायला बसले. थप, थप, थप. पाखरू काही बाहेर येईना. साहेब उभे, हवालदार बंदूक धरून उभे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. माझ्या तळहाताची सालं निघाली.

"किती दिवस थापणार?" साहेबांनी विचारलं.

"पीठ हाय तवर."

त्यांनी डबा उघडून बघितला. तळाला उद्यापुरतं होतं. "मग परवा बघू," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना हवालदार बंदूक खांद्याला अडकवून, कुणाला न सांगता डोंगर उतरून गेले. परत आले ते दिवेलागणीला. खांद्यावर ज्वारीच्या पिठाचं पोतं.

"बंदूक कुठंय?" साहेब ओरडले.

हवालदारांनी पोतं माझ्या चुलीशी टेकवलं, घाम पुसला.

"ऱ्हायली खालीच, साहेब. एका खांद्याला दोन ओझी झेपत न्हाईत."