पिवळ्या नळीवरचा श्वास

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी टोमणे मारायला नकोत. आमच्या घरात देव्हारा नाही, पत्रकांचे गठ्ठे आहेत. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि संध्याकाळी राजपुऱ्यातल्या घरी बसून अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहायचे. करणी, अंगात येणं, लिंबू-मिरची... कशालाच सोडलं नाही त्यांनी. मी अक्षरं गिरवली ती त्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. या सदरातले वाचकांचे गूढ अनुभवही मी आजवर वाचत आले ते त्यांतल्या चुका काढायला. आज स्वतःचाच लिहायला बसलेय आणि चूक सापडत नाहीये.

सुरुवात एका खऱ्या मृत्यूने झाली. विसर्जनाच्या दिवशी तापीच्या घाटावर आमच्याच गल्लीतला एक रिक्षावाला मूर्तीबरोबर खोल पाण्यात गेला आणि वर आलाच नाही. शोधायला कोणाकडे साधा मास्क नव्हता. लोधीपुऱ्यातले दगडूकाका, पिढीजात मासेमारी करणारे, साठी उलटलेले, दम रोखून बुडी मारत राहिले. काठावर ढोल चालूच होते. त्या रागात मी पत्रक काढलं : घाटावर प्रशिक्षित पाणबुडे हवेत, साधनं हवीत, नाहीतर ही श्रद्धा नव्हे, निष्काळजीपणा आहे. मंडळांच्या सभेत एकाने मला हिणवलं, "पत्रक लिहिणं सोपं आहे, मॅडम. तुम्हीच उतरा ना पाण्यात."

मग उतरले.

पाच जणांचं पथक झालं. शिकवायला नौदलातून निवृत्त झालेले एक पाणबुडे मिळाले, आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. सामान निवडायचं काम माझ्याकडे आलं आणि मी त्यात कोणाचं ऐकलं नाही. मास्क प्रत्येकाने स्वतःच्या चेहऱ्याला लावून बघायचा, पट्टा न बांधता नाकाने श्वास ओढला की चिकटून राहिला पाहिजे. सुरी हवीच, कारण विसर्जनानंतर तळाशी बांबू, तारा, कापड, सुतळी यांचं जाळं असतं. तरंगायचं जॅकेट फुगवून रात्रभर ठेवायचं, सकाळी सैल पडलं तर परत. आणि प्रत्येक सिलिंडरला दोन रेग्युलेटर. एक स्वतःच्या तोंडात, दुसरा पिवळ्या नळीचा, छातीवरच्या क्लिपला अडकवलेला. सोबत्याची हवा संपली तर त्याने तो ओढून तोंडात घ्यायचा.

"एका माणसाला दोन तोंडं कशाला, अंजूताई?" माझा चुलतभाऊ तुषार म्हणाला. तोही पथकात होता. "तुझं एकच सगळ्यांना पुरून उरतं."

"तुझी हवा संपेल तेव्हा विचार मला."

दगडूकाका पाण्यात उतरणार नव्हते, उतरणाऱ्याच्या कमरेची दोरी काठावरून धरणार होते. दोरी मी काठावरच्या शेवग्याच्या खोडाला बांधायला गेले तर त्यांनी हातातून काढूनच घेतली. "झाडाले नाही बांधायची, बेटा. झाडाले काय समजते, खाली कोण आहे?" त्यांच्या घराण्यात दोरी नेहमी माणसाच्या हातात असते, आणि ती धरणारा खालचा माणूस वर येईपर्यंत बोलत नाही, पाणीसुद्धा पीत नाही. मला यात अंधश्रद्धा दिसेना, अक्कल दिसली. खुणा ठरल्या. दर पाच मिनिटांनी वरून एक झटका, म्हणजे 'ठीक आहेस ना?' खालून एक झटका, म्हणजे 'ठीक.' तीन झटके म्हणजे 'ओढा.'

सराव आमच्या गावातल्या लालबागच्या पुढे, केळीच्या बागेतल्या एका शेततळ्यात चालायचा. चौकोनी तळं, पंधरा फूट खोल, आत प्लॅस्टिकची काळी पन्नी अंथरलेली. या पन्नीवर पाय ठरत नाही, पडलेला माणूस स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही, म्हणून मालकाने चारही बाजूंना गाठी मारलेले दोर सोडले होते. लगेच सांगते, त्या तळ्यात आजवर कोणीही बुडालेलं नाही. मी मालकाला विचारलं, मजुरांना विचारलं, शेजारच्या बागांमध्येही विचारलं. जागेबद्दल एक गोष्ट नाही, एक अफवा नाही.

विसर्जनाला बारा दिवस होते. सरांची शेवटची परीक्षा अशी : एकट्याने तळाशी वीस मिनिटं शांत बसायचं. आधी आणि नंतर गेजवर सिलिंडरचा दाब बघायचा. घाबरलेला माणूस धापा टाकतो, हवा भराभर संपते, आणि तो दुसऱ्याला काय वाचवणार? तुषार बसून आला. काटा चाळीसने उतरला होता. पास.

सकाळचे साडेदहा वाजले होते, लख्ख ऊन. मी उतरले. खाली शेवाळी हिरवा उजेड, हाताच्या पलीकडे काही दिसत नाही. पन्नीवर मांडी घातली आणि श्वास मोजू लागले. पाच मिनिटांनी कमरेची दोरी हलली, मी उत्तर दिलं. अठ्ठ्याऐंशीवा श्वास चालू होता तेव्हा छातीवरची क्लिप सुटली.

पिवळी नळी उजवीकडे जाऊ लागली. हळूच, हिसका न देता, शिकवल्यासारखी. मला वाटलं सर आले, न सांगता परीक्षा घेताहेत. मी अंगठा आणि बोट जोडून ठीकची खूण केली. नळी ताणली गेली आणि हिरव्यात नाहीशी झाली. मग आवाज आला. पाण्याखाली आपला श्वास आपल्याला मोठ्याने ऐकू येतो, घेताना सुस्कारा, सोडताना बुडबुडे. मी सोडत होते तेव्हा उजवीकडे कोणीतरी घेत होतं.

सुरुवातीला ते श्वास फार जवळजवळ येत होते. मग सावकाश झाले. माझ्या लयीला लागले.

मी काय करायला हवं होतं, ते मला माहीत आहे. नळीवरून हात सरकवत टोकापर्यंत न्यायला हवा होता. बाबांच्या सगळ्या पत्रकांचं सार तेवढंच आहे, हात लावून बघा. नाही लावला. दोन्ही हात मास्कवर दाबून बसले आणि मोजत राहिले. कमरेची दोरी पुढे दोनदा हलली, तरी हात सुटले नाहीत. शेवटी वीस मिनिटं भरल्यावर वरून ओढ लागली तेव्हा छातीवर काहीतरी टेकलं. पिवळी नळी क्लिपमध्ये परत बसली होती.

सर काठावरच होते. कपडे कोरडे. तुषार त्यांच्या शेजारी केळं खात बसलेला.

काटा ऐंशीने उतरला होता.

"घाबरलीस," सर म्हणाले.

"घाबरले, सर. पण हवा त्याने गेली नाही. श्वास मोजलेत मी. वाढलेले नाहीत."

गळती असेल म्हणून आम्ही सगळं सामान पाण्याच्या टाकीत बुडवून बघितलं. एक बुडबुडा नाही. सिलिंडर बदलून बघितला. गेज तुषारच्या गेजशी ताडून बघितलं. पिवळ्या रेग्युलेटरच्या रबरावर दातांची खूण? तीही नव्हती, हेही नोंदवते.

सरांनी फॉर्म पुढे केला. त्यात 'कारण' असा रकाना होता. "घाबरले असं लिही आणि उद्या परत बस. विसर्जनाला घाटावर तूच हवीस मला."

मी लिहिलं : माहीत नाही.

"हे कारण नाही, अंजू."

"तेच खरं आहे, सर."

"ज्याला कारण माहीत नाही त्याला मी खाली पाठवत नाही." ते चिडून बोलले नाहीत. नियम बरोबर होता, मी त्यांच्या जागी असते तर हाच केला असता. तुषार मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "ताई, पागल झाली का तू? एक शब्द लिहून दे ना यार! वर्षभर काय पत्रकासाठी मरून राहिली होती?" पण ज्या घरात खोटा चमत्कार चालत नाही, तिथे खोटं कारण तरी कसं चालेल?

दगडूकाका दोरी गुंडाळत होते. सर गेल्यावर त्यांनी मला बोलावलं.

"दोन जागी बुडबुडे होते, बेटा. एक तुझे. एक हातभर बाजूले."

"मग ओढलं का नाही मला?"

"काहून ओढू? दर वेळी उत्तर येत होतं ना. तीनदा विचारलं, तीनदा आलं."

"काका, मी एकदाच दिलं."

त्यांचे हात थांबले. "पहिलं घाईचं होतं," ते म्हणाले. "बाकी दोन्ही... सावकाश होती."

बाबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी दोन तास प्रश्न विचारले, कागदावर आकृती काढली आणि शेवटी चष्मा काढून ठेवला. "हात का नाही लावलास गं?" एवढंच म्हणाले.

विसर्जनाला मी घाटावर होते, दोरी धरून. दगडूकाकांनी स्वतःहून ती माझ्या हातात दिली. दुपारी एक बाई पायरीवरून घसरून मूर्तीच्या मागे खोलात गेली. तुषार उतरला, कापडात अडकलेला तिचा पाय सुरीने सोडवला आणि तिच्या तोंडात पिवळ्या नळीचा रेग्युलेटर देऊन तिला वर आणलं. ती जिवंत आहे, राजपुऱ्यातच राहते, परवा बाजारात भेटली होती.

पण त्याआधी, तो तिला शोधत होता तेवढा वेळ, मी पाण्याकडे बघत होते. बुडबुडे एकाच जागी येत होते, तुषारचे. हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मी बाजूचं पाणी न्याहाळत राहिले, हातभर इकडे, हातभर तिकडे. तिथे काहीच नव्हतं. डोक्यात एकच प्रश्न होता, तो आजही गेलेला नाही... त्या दिवशी माझी हवा ज्याला पुरली, तो आता कशावर श्वास घेत असेल?