खुब्यातली वाटी

फोनवर पुतण्या एवढंच म्हणाला, "काकी, आई गेली." आणि मी विचारलं, "कुठं?" मी तेव्हा लेकीकडं नळदुर्गला होते. हसू नका. खुबा बदलल्यापासून आक्का सारख्या कुठंतरी जातच असायच्या... मला वाटलं, गेल्या असतील तुळजापूरला.

आक्का माझ्या थोरल्या जाऊ. ईट गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांच्या खुब्याला टीबी झाला तेव्हा मी नुकतीच सासू झाले होते, म्हणजे जगातली सगळी अक्कल माझ्याच पदराला बांधलेली. टीबी छातीला होतो, एवढं माझं ज्ञान. म्हटलं, "आक्का, तुम्ही तर खोकत न्हाय, मग कसला टीबी?"

"व्हय बाई, माझा खुबा खोकतोय. कान लावून बघ."

मी येडी वाकलेसुद्धा!

पाय आखडून आखूड झाला. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, सगळं गाव शेंगा-पालेभाज्यांची भज्जी घेऊन रानात जातं, पांडव पुजून तिथंच जेवतं. आंबील शिंपडत शेताला वेढा घालायचा मान आमच्यात थोरल्या जावेचा, आणि आक्का घरी उंबऱ्यात बसून... तांब्या माझ्या हातात. केवढी मिरवले मी!

सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, आधी औषधं पुरी करा, रोग थंड झाला की खुब्यातली वाटी आणि गोळा दोन्ही बदलू. रोग पुन्हा उठू शकतो, हेही त्यांनी लपवलं नाही. येताना एसटीत आक्का खिडकीशी बसल्या. मी आपली बडबडले, "वाटीवर नाव घालून घ्या, न्हायतर कुणाच्या तरी लग्नात हरवंल."

त्या हसल्या. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "शेवंते, एकदा माझ्या पायानं शेताला येढा घालू दे. मग उठू दे काय उठायचं ते."

रोग उठला नाही. आक्काच उठल्या. ऑपरेशननंतरच्या येळवशीला हातात काठी घेऊन, बांधाबांधानं, पुरा वेढा. तांब्या घेऊन मागं मी. मधेच वळून म्हणाल्या, "लई पातळ केलीस गं आंबील." डोळ्यांतून पाणी, आणि बोलणं हे!

मांडी घालायला मात्र डॉक्टरांनी कायमची बंदी केली होती. म्हणून रानात त्यांच्यासाठी खुर्ची जायची. आम्ही सगळ्या खाली, त्या वर. तिथून माझ्या ताटावर नजर... "शेवंते, भज्जी घे की. लाजतीस कुणाला?"

आक्का गेल्याचं वर्ष, म्हणून यंदा आमच्याकडं सण नव्हता. तरी रानात गेलो, पांडवांना उपाशी कसं ठेवायचं? सवयीनं कुणीतरी खुर्चीही आणली. तिच्यावर कुणी बसेना. मी खालीच बसले, आणि घासाघासाला मान आपोआप वर जाई...

सून म्हणाली, "आत्या, काय बघताय? आभाळ आलंय का?"

"व्हय गं," म्हटलं, "आलंय."

भज्जी मात्र माझी मीच वाढून घेतली.