बाबांनी पक्ष बदलला

आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला पाण्याच्या आधी प्रश्न मिळायचा. ‘‘तुम्ही बटणवाले की हातवाले?’’ विचारणारे माझे सासरे. वय सत्तरीच्या पुढे आणि काळजी व्हिडिओ गेमच्या कन्सोलची. तीन कंपन्यांपैकी कोण बाजी मारणार आणि कोण गाशा गुंडाळणार, हे ते निवडणुकीच्या निकालासारखं सांगत. माहेरच्या माणसांपुढे हे सुरू झालं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बाबा स्वतः हातवाले. म्हणजे हवेत फिरवून खेळायचा मोशन कंट्रोलर आणील ती कंपनी जिंकणार, बाकीच्यांची बटणं अडगळीत जाणार, असं त्यांचं ठाम मत. ‘‘माणूस हातानं विचार करतो गं, अंगठ्यानं नाही,’’ असं ते मला ऐकवत. त्यात थोडा स्वतःचा अभिमानही होता. जन्मभर त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली. फळ्यावर नुसत्या हातानं काढलेलं त्यांचं वर्तुळ मुलं कंपास लावून तपासायची आणि मुकाट्यानं जागेवर जाऊन बसायची.

शेवटी माझ्या नवऱ्यानं तसा कन्सोल आणला. बाबांनी आमच्या खडकीच्या घराच्या गॅलरीत उभं राहून बॉलिंगचा सराव सुरू केला. ‘‘अहो, तुमचे सासरे कुणाला हात करत असतात?’’ समोरच्या बाईंनी मला विचारलं. मी काहीतरी पुटपुटले आणि आत गेले.

एका रविवारी नवऱ्याचे ऑफिसातले मित्र जमले. कंपन्यांच्या चढाओढीवर भाषण देऊन झाल्यावर बाबांनी कंट्रोलर उचलला. पडद्यावरचा बाण थरथरत होता. त्यांनी सेल बदलले, जागा बदलली, दोन्ही हातांनी कंट्रोलर घट्ट धरला. तरीही बाण काही स्थिर होईना. पीस खराब निघाला, असं त्यांनी जाहीर केलं. मंडळी हसली आणि जेवायला बसली.

दुसऱ्याच दिवशी तो पीस बदलून घ्यायला बाबा आणि मी बुधवार पेठेतल्या दुकानात गेलो. दुकानदारानं कंट्रोलर जोडून हातात धरला. बाण जागचा हलला नाही. मग त्यानं तो बाबांच्या हातात दिला आणि पडद्याकडे बघितलं.

‘‘मशीनला काही झालेलं नाही, काका. हात तुमचा हलतोय.’’

दुकानात गिऱ्हाइकं होती. बाबांचे कान लाल झाले. त्यांनी कंट्रोलर काउंटरवर ठेवला आणि उजवा हात खिशात घातला. घर येईपर्यंत तो त्यांनी बाहेर काढला नाही.

जिन्यात ते थांबले. एकटेच जाऊन डॉक्टरला दाखवीन म्हणाले, पण घरात कुणाला कळता कामा नये. मी वाद घालायला गेले तर म्हणाले, ‘‘माझा अंदाज चुकला म्हणून हसू देत. हात गेला म्हणून सांभाळून घ्यायला लागले, तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. शब्द दे.’’ मी दिला.

त्या संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की मोशन कंट्रोलर हे चार दिवसांचं फॅड आहे, शेवटी बटणंच जिंकणार. ‘‘बाबांनी पक्ष बदलला!’’ नवरा ओरडला. मग रोज त्यांची फिरकी सुरू झाली. उभ्या आयुष्यात वादात माघार न घेतलेला माणूस मान खाली घालून ऐकून घ्यायचा आणि चहा अर्धाच कप मागायचा. गॅलरीतल्या त्या म्हाताऱ्याची मला लाज वाटली होती, याचीच आता लाज वाटायला लागली.

पुढच्या हिवाळ्यात बाबा झोपेतच गेले. डॉक्टर काय म्हणाले होते, ते त्यांनी मलाही सांगितलं नाही.

कन्सोल अजून आहे. पाहुणे आले की नवरा प्रेमानंच वडिलांची गोष्ट काढतो. भाषणं ठोकणारे बाबा, सेल बदलणारे बाबा, एका दिवसात पलटी खाणारे बाबा. नक्कल तो झकास करतो. सगळे पोट धरून हसतात, आणि तो माझ्याकडे बघतो. दिलेला शब्द पाळायचा तर मलाही बाबांना हसावं लागतं. मी हसते.