फाडायचं राहिलेलं खोकं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दोनदा अगदी तोंडापर्यंत आलं होतं — पण तिनं विचारलं असतं, मग तुम्ही काय केलं? आणि तिथं माझी बोबडी वळली असती. तुम्ही समोर नाही आहात, म्हणून जमतंय.

सेलूकडच्या एका जिनिंगमध्ये मी स्टोअर सांभाळतो. कापसाच्या गाठी दाबणारा प्रेस तेलाच्या दाबावर चालतो आणि त्याचा प्रत्येक सुटा भाग माझ्या हातून जातो. स्वभाव माझा पहिल्यापासून संशयी. दूधवाल्यानं पाणी घातलं नसलं तरी मला घातल्यासारखंच वाटतं! या कामात मात्र तो स्वभाव कामी आला. बनावट माल मी लांबून ओळखतो — छापील अक्षर जरा फुगलेलं, आट्यांवरून बोट फिरवलं की खरखर, हातात घेतला की हलका. स्टिकर नखानं सहज निघालं, की माल परत. दुकानदार मला बघून तोंड वाकडं करतात, आणि त्याचा मला अभिमान होता. अजून आहे का? असावा.

आमचा फिटर मुंजाभाऊ. राणीसावरगावकडचा, घरी मेंढ्या. भावकीत मशीनवर हात बसलेला तो एकटाच. नवा भाग बसवण्याआधी तो स्टोअरच्या खिडकीपाशी येऊन मला विचारायचा, "बघितलं का तुमी?" मी हो म्हटल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. आता तो पुन्हा मेंढ्यांमागं असतो. एका डोळ्यानं.

जिनिंगमध्ये सगळे म्हणतात, त्याच्याच चुकीनं गेला डोळा. हे सगळे कुणाकडून शिकले? सांगतो — जरा दमानं सांगू द्या.

माझा एक नियम होता, मीच घातलेला. अस्सल माल वापरला की त्याचं खोकं फाडून टाकायचं. नकली माल कुणीही बनवतो हो, अस्सल खोकं कुठून आणणार? म्हणून फाडायचं. आणि तरी भंगारवाल्याला मी ती अख्खी देत होतो. का? तो म्हणायचा, "अख्खे खोके लय कामाला येतात, साहेब." कुठल्या कामाला, ते मी विचारलं नाही. पुढं म्हणायचा, "तुमच्यासारखी नजर जिल्ह्यात कुणाची न्हाई." साऱ्या जगावर संशय घेणारा मी — गोड बोलणाऱ्यावर तेवढा घेतला नाही. त्याच्या तोंडून ते ऐकायला मला आवडायचं. लाज वाटते, पण आवडायचं.

गेल्या हंगामात प्रेसचा रिलीफ व्हॉल्व्ह बदलायचा होता. दाब फार वाढला की तेलाला वाट करून देतो तो हा भाग. तो अडकला, की दाब पाइप फोडून बाहेर येतो. मालकांनी नवीनच दुकानातून मागवला. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, मुंजाभाऊ हात पुसत खिडकीपाशी उभा. मी खोकं उघडलं.

माल तपासला की झाकणाच्या आतल्या बाजूला निळ्या पेनानं एक गोल काढून त्यात माझं अक्षर घालायची माझी सवय. पेन अजून खिशातच होतं — आणि झाकणावर गोल होता. माझाच. आदल्या हंगामातला.

म्हणजे खोकं आमचं. आतला माल? बघायचीही गरज नव्हती, तरी बोट फिरवलं. खरखर लागली.

तेवढ्यात मुंजाभाऊनं विचारलं, "बघितलं का तुमी?"

गाड्या खोळंबल्या होत्या, हे खरं. पण गाड्यांसाठी मी गप्प बसलो नाही. नकली म्हटलं असतं तर खोकं मालकांना दाखवावं लागलं असतं, आणि त्यांनी विचारलं असतं, हे अख्खं बाहेर गेलंच कसं? एवढी एक फजिती नको होती मला.

मी हो म्हणालो.

तिसऱ्या दिवशी पाइप फुटला. गरम तेल मुंजाभाऊच्या तोंडावर उडालं. मालकांनी कारण विचारलं, तेव्हा मी म्हणालो, त्यानं व्हॉल्व्हचा स्क्रू जास्त आवळला असणार. तसं आवळल्यानं व्हॉल्व्ह उघडत नाही, हे खरंच आहे. म्हणून सगळ्यांना पटलं. खोकं मी त्याच दुपारी फाडलं. बारीक बारीक तुकडे केले.

मग दवाखान्यात गेलो. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. आवाजावरून मला ओळखलं त्यानं. म्हणाला, "तुमी बघून दिलेला माल हाय, साहेब. त्यात खोट कशी निघंल? माझाच हात जड पडला आसंल."

मालकांना लेखी जबाब हवा होता. त्याला दिसत नव्हतं, म्हणून त्याच्या वतीनं, त्याच्याच नावानं मीच लिहिला — "स्क्रू माझ्याकडून जास्त आवळला गेला." वाचून दाखवला. त्यानं मान खाली घालून सगळा ऐकला आणि मग हळूच विचारलं, "यानं तुमच्यावर तर काई येणार न्हाई ना, साहेब?"

नाही, म्हणालो. आणि सही कुठं करायची ते त्याचा हात धरून दाखवलं.